काशाच्या जुन्या नाण्यांवर हिरवे ठिपके येत आहेत. हा रोग आहे का, आणि त्यावर उपाय काय?

निपाणीच्या घरात पेटीत ठेवलेल्या काशाच्या जुन्या नाण्यांवर यंदाच्या पावसाळ्यानंतर हिरवे ठिपके उमटले असून, ती चिंच-मीठ लावून घासावीत असे घरच्यांनी सुचवल्याचे आपण लिहिले आहे. कृपया तसे करू नये. चिंच-मिठाने भांडी लखलखतात हे खरे, पण नाण्याचे मोल त्याच्या पृष्ठभागावर उरलेल्या अक्षरांत आणि चिन्हांत असते. शिवाय काशाला आतून पोखरणारा एक रोग (इंग्रजीत ‘ब्राँझ डिसीज’) असतो, आणि मिठातले क्लोराइड हेच त्या रोगाचे मूळ आहे.

मात्र हिरवे दिसते ते सारे रोगट नसते. दीर्घकाळ जमिनीत राहिलेल्या काशावर बहुधा आधी लालसर क्युप्राइटचा (तांब्याच्या ऑक्साइडचा) आणि त्यावर गर्द हिरव्या मॅलाकाइटचा (तांब्याच्या कार्बोनेटचा) थर चढतो. हा थर टणक आणि अंगाशी घट्ट बसलेला असतो, आणि नाण्यावरील मजकूर पुष्कळदा त्याच थरात टिकून राहिलेला असतो, त्यामुळे तो खरवडला की नाणे कोरे होते. रोगाची खूण निराळी आहे: फिकट, पोपटी छटेची सैल भुकटी ठिपक्याठिपक्यांनी वर येते. भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्याच्या टोकाने ती हलकेच टोचून पाहावी. टणक थरावरून काटा घसरतो, भुकटीत मात्र तो रुततो, खाली बारीक खड्डा उघडा पडतो आणि त्याच्या तळाशी कधीकधी मेणासारखा करडा पदार्थ आढळतो. तो क्युप्रस क्लोराइड, म्हणजे तांबे आणि क्लोरीन यांचे संयुग. त्याला हवेतली ओल आणि प्राणवायू मिळाला की हिरवी भुकटी तयार होते व हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. हे आम्ल खालच्या शाबूत तांब्याला खाते आणि त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होते. नाणे मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये असेल तर तिसरीही शक्यता उरते: भुकटीऐवजी चिकट हिरवा लेप. तो ॲसिटोनने निघतो. पाकिटे मात्र टाकून द्यावीत.

रोगट नाणे आधी इतरांपासून वेगळे ठेवावे. सैल भुकटी काट्याने किंवा बांबूच्या काडीने काढावी, लोखंडी सुई वापरू नये. त्यानंतर क्लोराइड बाहेर काढण्यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सौम्य अल्कधर्मी क्षाराच्या सुमारे ५ टक्के द्रावणात नाणे बुडवून ठेवतात आणि द्रावण वरचेवर बदलतात. हे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असते, आणि त्यात मूळ थराचा रंगही बदलू शकतो, म्हणून दुर्मीळ नाण्यावर मी ते घरी करणार नाही. पुढे शुद्ध पाण्याने वारंवार धुऊन नाणे पूर्ण कोरडे करतात. इथेनॉलमधील ३ टक्के बेन्झोट्रायझोल या गंजरोधक रसायनाने उरलेले क्लोराइड बांधले जाते, पण हे रसायन अपायकारक असल्याने ते जाणकार प्रयोगशाळेवरच सोपवावे. प्राचीन काळी कोल्हापूर भागावर राज्य करणाऱ्या कुर राजांची शिशाची नाणी आपल्या भागातल्या संग्रहांत पाहायला मिळतात. काशासाठी सांगितलेले यातले काहीही त्यांच्यावर करू नये. शिशाला लाकडी कपाटातून सुटणारी आम्लाची वाफसुद्धा सोसत नाही आणि त्यावर पांढरी पूड धरते.

माझ्या मते रसायनापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर हा रोग जवळजवळ थांबतो, आणि बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात साध्या कपाटात ते अशक्य असते. पूर्वेकडे अथणीच्या बाजूला हवा त्या मानाने कोरडी, तरी पावसाळ्यापुरता तोच नियम पाळावा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात नाण्यांशेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक ठेवावे. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून ते पुन्हा निळे करता येतात. जून ते सप्टेंबर या काळात डबा उगाच उघडू नये, आणि नाणी हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामातही मीठ असते.

एक कायद्याची बाब. नाणी वाडवडिलांच्या पेटीतली नसून शेत नांगरताना सापडलेली असतील, तर ती साफ करायला घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे.