गप्प बसणं आणि नम्र असणं

नाताळ उलटला की बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न घेऊन माणसं येऊ लागतात. आठ दिवस पाहुण्यारावळ्यांत काढलेले असतात ना! "बाई, समोरचा सारखा आपलाच बडेजाव सांगत असेल तर आम्ही ख्रिस्ती माणसांनी काय करायचं? नुसतं ऐकून घ्यायचं?"

खानापूर तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, तपशील बदलून सांगते. त्यांना त्रास होता विहीणबाईंचा. विहीणबाईंचा थोरला दुबईला. घराणंही जुनं, १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात काम सुरू केलं, "तवापासून आम्ही ख्रिस्ती" हे दर भेटीत ठरलेलं. खानापूरच्या बाईंचे आईवडील मागाहून बाप्तिस्मा घेतलेले, त्यामुळे ते वाक्य बरोबर वर्मी बसायचं.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? गप्प बसते. नम्रता धरायला सांगितलीय नव्हं आपल्याला."

पहिल्या तीन भेटी या गप्प बसण्यातच गेल्या. विहीणबाई कधी काय बोलल्या हे त्यांना तारीखवार पाठ होतं. चौथ्या भेटीत मी विचारलं, "गप्प बसता तेव्हा मनात काय चाललेलं असतं?"

"देवाचे आभार मानते बगा. म्हणते, प्रभू, मला हिच्यासारखं केलं नाहीस..."

आणि त्या थांबल्या. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, तो तसाच राहिला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, अठराव्या अध्यायातली ती प्रार्थना संडे स्कूलमध्ये वाढलेल्या कुणालाही ठाऊक असते. मंदिरात उभा राहून परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, हेच म्हणतो: या जकातदारासारखा मी नाही, म्हणून देवा तुझे आभार. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे परूशी मी की काय?"

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत कुठं बोलायचं त्यापेक्षा कुठं बोलायचं नाही हे मला अधिक चांगलं कळलंय, असं मला वाटतं.

दोघींचं दुखणं एकच होतं. एक मोठ्यानं मोठेपणा सांगत होती, दुसरी मनातल्या मनात. मानसशास्त्रज्ञ अॅडलरचं म्हणणं मला जवळचं वाटतं: फार उंच आवाजातल्या मोठेपणाखाली बहुधा न्यूनगंड दडलेला असतो. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानायला सांगतो, आणि लगेच म्हणतो की, दुसऱ्याचं हितही पाहा. आपण पहिल्या निम्म्यावरच थांबतो आणि मान खाली घालतो. मान खाली घातली की समोरच्याचा चेहरा दिसतच नाही.

म्हणून मी त्यांना एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी एक खरा प्रश्न विचारा. उत्तर ऐकावंसं वाटेल तोच. हे सोपं नसतं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "एवढा मोठा मुलगा, मग आईला भेटायला कधी येतोय?" विहीणबाई चहा टाकून उठल्या. प्रश्नाच्या पोटात टाचणी होती, हे खानापूरच्या बाईंनीच मला येऊन सांगितलं.

मध्ये एकदा विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरात आली म्हणून तुमची पोरगी माणसात आली." इथं मात्र ऐकून घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. प्रमुख याजकाच्या शिपायानं थप्पड मारली तेव्हा येशूनंही विचारलं होतं, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज न चढवता, पण तिथल्या तिथं. लेकीचा अपमान गिळणं ही नम्रता नव्हे, आणि आपल्या मंडळ्यांमधून बायकांना हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

ईस्टरनंतर त्यांचा फोन आला.

"बाई, विचारलं. म्हटलं, थोरला गेल्यापासून घर मोठं वाटत असेल नव्हं तुमास्नी?"

"मग?"

"रडल्या. तीन नाताळ झाले म्हणे, आला नाही. रात्री ताट वाढताना हात चुकतो म्हणाल्या."

"आणि पुढं?"

"पुढं काय, डोळे पुसले आणि दुबईतल्या घराला किती खोल्या ते सुरू केलं परत."

"तुम्ही काय केलंत?"

"खोल्या मोजू दिल्या की. मी आपला चहा ठेवला."