हळू गाडीला करंडक कसा?

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याने आम्हाला शेल्सली वॉल्शची जुन्या गाड्यांची चढाची शर्यत दाखवली. निळी बुगाटी सुसाट वर गेली, नंतर इवलीशी ऑस्टिन सेव्हन धापा टाकत गेली. संध्याकाळी बघतो तर ऑस्टिनवाल्याच्याही हातात करंडक! हा कुठला न्याय? – एक वाचक, सातारा

उत्तर : न्याय आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतो. मी कॉव्हेंट्रीच्या टूलरूममध्ये नोकरी केली. आता निवृत्तीनंतर अशाच चढांवर स्टार्ट लाइनला उभा राहून मागच्या चाकाखाली लाकडी पाचर लावतो. उभ्या चढावर गाडी ब्रेकवर धरून ठेवली तर निघताना घोटाळा होतो, म्हणून ती पाचरीवर टेकवायची. त्यामुळे चालकांची कुरकुर मला फुकट ऐकायला मिळते, आणि निम्मी कुरकुर तुमच्या प्रश्नाचीच असते.

शेल्सलीचा चढ १९०५ पासून चालू आहे. लांबी हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, आणि तेवढ्यात गाडी शंभर मीटर वर चढते. यवतेश्वरचा घाट रोज बघणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण इथे एका वेळी एकच गाडी सुटते. हिरवा दिवा लागला म्हणजे लगेच सुटलंच पाहिजे असं नाही. गाडीच्या पुढे लावलेली उभी पट्टी प्रकाशझोत कापते तेव्हा घड्याळ सुरू होतं. शेजारी कुणी नाही, ओव्हरटेकिंग नाही. म्हणून कोण कोणाशी लढलं, हे आधी कागदावर ठरवावं लागतं.

पहिली चाळणी वयाची. ब्रिटनचा व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब १९३४ मध्ये निघाला. त्यांच्या लेखी १९३० अखेरपर्यंतची गाडी व्हिंटेज, १९३१ ते १९४० मधली निवडक चांगली गाडी पोस्ट-व्हिंटेज, आणि १९०५ ते १९१८ ची एडवर्डियन. रेघ १९३० लाच का? तर मंदीनंतर स्वस्त, घाऊक गाड्यांचा पूर आला आणि कारागिरी गेली, असं त्या मंडळींचं ठाम मत होतं. मला ते थोडं नाक मुरडणं वाटतं, पण रेघ स्वच्छ आहे, आणि स्वच्छ रेघेवर भांडणं कमी होतात. दुसरी चाळणी : रस्त्यावरची स्पोर्ट्‌स गाडी की निव्वळ रेसिंगची. तिसरी इंजिनच्या सीसीची. ७५०, ११००, १५००, ३००० अशा पायऱ्या नेहमीच्या. ऑस्टिन सेव्हन ७४७ सीसीची, म्हणजे दोन लिटरच्या बुगाटीशी तिची गाठच नव्हती. तिने बहुधा आपल्या वर्गाचा करंडक नेला.

अश्वशक्ती का मोजत नाहीत, असं मला एकाने पाचर लावता लावता विचारलं होतं. मोजून पाहिली आहे की! ब्रिटनमध्ये कर बसवायला आरएसीचं, म्हणजे रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं, सूत्र होतं : सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधल्या दट्ट्याची वर-खाली धाव, कुठेच नाही. मग कारखानदारांनी काय केलं? सिलिंडर अरुंद आणि उंच केले. तीन लिटरच्या बेंटलीचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक १४९. कागदावर ती जेमतेम १६ अश्वशक्तीची! शेल्सलीलाही सुरुवातीच्या काळात वजन, वेळ आणि अश्वशक्ती एकत्र करून निकाल काढत. सगळ्यात वेगाने वर गेलेला एक आणि सूत्राने जिंकलेला दुसराच. गर्दीला काही कळायचं नाही.

आता हँडिकॅप, म्हणजे कमी-जास्त ताकदीच्या गाड्या एकाच मापाने तोलण्याची सोय. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या जुन्या गोल ट्रॅकवर हळू गाडी आधी सोडत, वेगवान गाडी थांबवून ठेवत. सगळ्या शेवटी एकत्र आल्या की हँडिकॅप लावणारा खूश. चढावर हे जमत नाही, म्हणून प्रत्येक गाडीला आधीच्या नोंदींवरून एक अपेक्षित वेळ देतात. समजा ऑस्टिनला ६० सेकंद दिले आणि ती ५८.८ मध्ये वर गेली. बुगाटीला ४५ दिले आणि ती ४४.२ मध्ये गेली. सेकंदांत ऑस्टिन १.२ ने पुढे, बुगाटी ०.८ ने. टक्केवारीत मात्र ऑस्टिन २ आणि बुगाटी पावणेदोनच्या वर, म्हणजे फरक जेमतेम उरतो. नुसते सेकंद मोजले तर हळू गाडीला आयता फायदा, कारण सुधारायला तिच्याकडे वेळच जास्त असतो. माझं मत टक्केवारीच्या बाजूने. आणि सरावात मुद्दाम रेंगाळून सोपी वेळ पदरात पाडून घेणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांना ओळखणं हँडिकॅप लावणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडावं लागतं, त्याला सूत्र नाही.

प्रश्न : आमच्याकडे १९५७ ची डुक्कर फियाट चालू स्थितीत आहे. ती या शर्यतीत ‘व्हिंटेज’ म्हणून बसेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज, त्यामुळे भारतात ती बसते, नंबरात ‘व्हीए’ मिळू शकतं. पण त्या इंग्लिश क्लबच्या व्याख्येत नाही. मोटार शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ (एफआयए) ऐतिहासिक गाड्यांचे कालखंड पाडतो, त्यात १९४७ ते १९६१ हा ‘ई’ कालखंड तुमचा. १०८९ सीसी म्हणजे ११०० च्या आतला वर्ग. मात्र इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून, घेतलं असेल तर आधी मोजून घ्या. अकरा सीसीहून जरा जास्त वाढलं तरी वर्ग बदलतो.

प्रश्न : सुपरचार्जर असेल तर? – तोच वाचक

उत्तर : सुपरचार्जर इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवतो, म्हणून सीसीला गुणतात. ब्रिटनच्या सर्वसाधारण स्पर्धांत १.४ हा गुणक बराच काळ रूढ होता : ११०० चे १५४० झाले की गाडी १५०० च्या वर्गाबाहेर. डुक्कर फियाटला सुपरचार्जर लावायचा विचार असेल तर आधी ब्रेक बघा.