टेकडीवर नुसतं गवतच?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं नागपूरहून येणार आहेत. त्यांना वेताळ टेकडीवर न्यावं म्हणते, पण माझे गुडघे कुरकुरतात. शिवाय वर बघावं तिकडे गवतच. ते काढून झाडं का लावत नाहीत? आणि मुलांना तिथे दाखवायचं तरी काय?
— एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : आजी, आधी गुडघ्यांचं बघू. टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, पुण्यातली सगळ्यांत उंच. पण एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्यानं रिक्षा बरीच वर जाते. चढ तिच्यावर सोपवा. सकाळी लवकर निघा, पाणी घरून न्या. नशीब असेल तर मोर दिसेल, नाहीतर ओरडताना तरी ऐकू येईल.

आता गवत. झाडं लावायच्या हौसेपायीच वर गिरिपुष्पाचं रान उभं राहिलंय. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडतं, दिसतं झकास, पण खाली फारसं काही रुजू देत नाही. माझं हे जुनंच रडगाणं आहे, असो. गवत मात्र अस्सल इथलं. चंडोल आणि तित्तर जमिनीवरच घरटं करतात, याच गवताच्या आडोशानं. ते काढलं तर त्यांनी अंडी घालायची कुठे?

नातवंडांना कुसळ दाखवा. दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत पिकलेलं असतं, त्यामुळे शोधावं लागत नाही, तेच पायमोज्यात घुसतं. एक अलगद उपटून काढा. पुढे सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि पीळ भरलेली लांब काळपट शेपटी. तळहातावर ठेवून शेपटीवर दोन थेंब पाणी टाका आणि जरा थांबा. पीळ सुटायला लागतो, कुसळ आपोआप गिरक्या घेतं. ओलं होत, वाळत ते असंच फिरत मातीत शिरतं आणि उलटे केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. माणसाला पेरणीला पाभर लागते, याला दव पुरतं. धाकटी पिढी मोबाइल खाली ठेवते की नाही बघा!

वाट सोडून गवतात शिरू नका. जुन्या खाणीच्या काठाशी मुलांचा हात घट्ट धरा, कडा सरळ खाली जातो. आणि सगळ्यांना जुने पायमोजे घाला. नवे घातलेत तर कुसळं वेचण्यात तुमची अख्खी दुपार जाईल.