वहिनीची लघवी थांबतच नाहीये

प्रश्न : माझं माहेर वेल्हे तालुक्यातल्या डोंगरातली वाडी. गेल्या पावसाळ्यात वहिनी अडली, दोन दिवस कळा देत होती, रस्त्यावर दरड आली होती आणि पुण्याला पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून तिला रात्रंदिवस लघवी गळते. आता संक्रांतही होऊन गेली. आई म्हणते अंग कच्चं राहिलंय, डिंकाचे लाडू खाल्ले की भरून येईल, पण अंथरूण मात्र पडवीत टाकलंय. वासाच्या भीतीने वहिनी पाणीच पीत नाही. तिला माझ्याकडे आणू का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : आणा ताई, याच आठवड्यात आणा.

हा अशक्तपणा नाहीये त्यामुळे लाडूने किंवा व्यायामाने जाणार नाही. बाळाचं डोकं खूप वेळ अडकलं की आईची मूत्राशयाची पिशवी डोकं आणि हाडाच्या मध्ये चेपली जाते, तिथलं रक्त थांबतं, तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांत गळून भोक पडतं, मग लघवी थेट योनीतून येत राहते. याला फिस्टुला म्हणतात. वेळेवर सिझेरियन झालं असतं तर बहुधा हे टळलं असतं, यात वहिनीची काहीच चूक नाही, आणि हे आईला तुम्हीच सांगा कारण लेकीचं त्या ऐकतील. इथिओपियात अदिस अबाबाला १९७४ पासून खास याच आजाराचं हॉस्पिटल आहे, एवढ्या बायका हे सोसतात.

आधी पाणी सुरू करा. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, वास वाढतो, कातडी जास्त जळते. साध्या पाण्याने धुवून, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं, सुती घड्या वरचेवर बदलायच्या.

ससूनच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. पिशवीत निळं औषध सोडून कुठून गळतंय ते बघतात. यावर इलाज ऑपरेशन, पण भोवतालची जागा भरून यावी म्हणून त्याआधी साधारण तीन महिने थांबतात, ते तर कधीच होऊन गेलेत. फिस्टुलाची ऑपरेशनं नेहमी करणारे डॉक्टर कोण ते तोंड उघडून विचारा, यात अजिबात संकोच नको, कारण पहिलंच ऑपरेशन बरं होण्याची सगळ्यात चांगली संधी असते, फसलं तर पुढचं अवघड जातं. चांगल्या हातून झालं तर बहुतेक बायकांचं गळणं थांबतं. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. चालताना पाऊल लोंबतं का तेही डॉक्टरांना सांगा, अशा बाळंतपणात पायाची नस दबू शकते.

ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे लघवीची नळी असते. ती वाकली किंवा तुंबली तर पिशवी फुगून टाके उसवू शकतात, म्हणून रात्रीसुद्धा कुणीतरी जवळ हवं, तेवढे दिवस तिला तुमच्याकडेच ठेवा. तीन महिने संबंध नकोत, हे दादाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

आणि त्या बाळाबद्दल तिच्याशी कुणी बोललंय का? तिला बोलावंसं वाटलं तर नुसतं ऐका, विषय बदलू नका.

पुन्हा दिवस राहिले तर सिझेरियनच, आणि नववा लागायच्या आत तिला पुण्यात आणा, पावसाळा असो नसो.