अध्यापन पुरस्काराच्या निवड समितीवर प्रथमच बसणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या अध्यापन पुरस्काराच्या निवड समितीवर तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. उत्तम संशोधन ओळखण्याच्या रीती केव्हाच रुळल्या आहेत; शोधनिबंध छापलेला असतो आणि तो वाचून मत देणारे जाणकार जगभर असतात. अध्यापन मात्र वर्गाच्या चार भिंतींच्या आत घडते, तास संपला की त्याचा मागमूस उरत नाही, आणि म्हणूनच ते पारखणाऱ्यावरची जबाबदारी मोठी आहे. प्रस्ताव वाचायला बसण्यापूर्वी काही गोष्टी तुझ्या कानावर घालाव्यात, यासाठी हे पत्र.

विद्यार्थ्यांच्या अभिप्राय-पत्रकांची सरासरी तुला प्रत्येक प्रस्तावात ठळकपणे दिसेल, आणि समितीतील काही सभासद तिच्याच आधारे यादी लावू पाहतील. या बाबतीत तू सावध राहावेस अशी माझी इच्छा आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांची वर्गवाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते आणि पुढचे अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे असतात, त्यामुळे एका शिक्षकाच्या हाताखाली शिकलेल्यांचे पुढे काय होते हे तेथे नेमके तपासता येते. कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांच्या विद्यार्थ्यांना त्या सत्रात चांगले गुण पडले त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगले मिळाले. परंतु ज्यांनी पुढच्या अभ्यासक्रमासाठी पाया पक्का केला, त्यांना अभिप्रायांत तुलनेने कमी गुण मिळाले. हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच विचार करायला लावतो. तेथे एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकले आणि दुसऱ्या गटाने तोच भाग स्वतः उदाहरणे सोडवत, एकमेकांशी चर्चा करत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे राहिला, तरीही आपण कमी शिकलो असे त्याच गटाला वाटले. डोक्याला ताण पडला की शिकणाऱ्याला आपण मागे पडत आहोत असा भास होतो, आणि ओघवते बोलणे ऐकले की विषय समजल्याचे समाधान मिळते.

याचा अर्थ विद्यार्थ्यांचे म्हणणे बाजूला सारावे असा मुळीच नाही. शिक्षक वेळेवर येतात का, उत्तरपत्रिका शेऱ्यांसह परत मिळतात का, प्रश्न विचारण्याची भीती वाटते का, हे विद्यार्थ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांच्या मोकळ्या लेखी अभिप्रायांत ते सापडते. मात्र विषय किती शिकला गेला, हे ठरवायला वेगळा पुरावा हवा. अभ्यासक्रमाच्या आरंभी आणि अखेरीस घेतलेली समान चाचणी हा त्यातला एक चांगला पुरावा आहे. हेक या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने १९९८ साली पदार्थविज्ञानाच्या ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे ६,००० विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडताना अखेरचे गुण न मोजता, जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली किती झाली, हे मोजले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी सुमारे २३ टक्के निघाले आणि विद्यार्थ्यांना सतत विचार करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे ४८ टक्के. ही रीत मला न्याय्य वाटते, कारण तिच्यामुळे कच्ची तयारी असलेल्या वर्गाला शिकवणाऱ्याचे कष्टही दिसून येतात. एरवी मुळातच हुशार विद्यार्थी वाट्याला आलेल्या शिक्षकाच्या निकालापुढे ते झाकले जातात.

जिथे अशी चाचणी घेतलेली नसेल, तिथे कागदपत्रे मागव. एका साधारण विद्यार्थ्याच्या सत्रारंभीच्या आणि सत्राअखेरच्या लेखनाचे नमुने, त्यांवर शिक्षकाने लिहिलेले शेरे, आणि एखादी पद्धत फसल्यावर पुढच्या वर्षी तिच्यात केलेला बदल, एवढे तीन कागद मला वीस शिफारसपत्रांपेक्षा अधिक सांगतात.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक कळकळ आहे, ती सांगतो. विद्यार्थ्याचे शिकणे एकट्या व्याख्यात्याच्या हातात नसते. प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, समुपदेशक, लेखनात मदत करणारे मार्गदर्शक यांची नावे प्रस्तावांत क्वचितच येतात. अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली एक उपक्रम सुरू झाला. त्यात कोण विद्यार्थी कच्चा आहे हे न शोधता, ज्या विषयांत पुष्कळ जण अडतात ते विषयच हेरले गेले, आणि तो विषय उत्तम रीतीने पूर्ण केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच वर्गात बसून इतरांसाठी अभ्यासगट घेऊ लागला. मदत घेणाऱ्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसू नये, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते. अशा कामाला पुरस्कार द्यायचा तर तो एका व्यक्तीला देऊन भागत नाही. ब्रिटनमध्ये वैयक्तिक राष्ट्रीय अध्यापन सन्मान २००० सालापासून होता. गटाने केलेल्या कामासाठी स्वतंत्र सन्मान २०१६ साली सुरू झाला. तुमच्या नियमांत गटाला नामांकन देता येते का, हे पहिल्याच बैठकीत विचार.

ज्यांची निवड होणार नाही, त्यांनाही समितीने कारणे लेखी कळवावीत असा आग्रह धर. वर्षभराचे काम कागदावर मांडणाऱ्याला नुसता नकार पाठवला, तर तो पुन्हा प्रस्ताव पाठवणार नाही.

नामांकनाच्या अर्जाचा नमुना हाती आला की मला पाठव. अभिप्रायांच्या सरासरीचा रकाना पहिल्याच पानावर असेल, तर त्याच्या जागी विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने कसे आणता येतील, याचा मसुदा आपण बैठकीपूर्वी मिळून करू.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित