कोल्हापूरच्या दमट हवेत टिकेल असा सोफा ५० हजारांत कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की रंकाळ्याजवळ तळमजल्यावर फ्लॅट घेतलाय, सासू-सासरे धरून घरात सहा माणसं आहेत, बजेट ५० हजार आहे. शोरूममधला एल आकाराचा काळा रेक्झिनचा सोफा मनात भरलाय, पण पावसाळ्यात घर दमट राहतं म्हणून धाडस होत नाही. नाही होत तेच बरं. तो घेऊ नका.

असाच एक मी २०१६ मध्ये घेतला होता. थ्री प्लस टू, ३१ हजार, दुकानात बसल्यावर असा मऊ की उठू नये वाटावं. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात हातांवरचं आवरण भेगाळलं आणि मग पापुद्रे सुटायला लागले. मुलगा शाळेतनं भिजून येऊन बसायचा आणि उठला की पांढऱ्या शर्टाच्या पाठीला काळे तुकडे चिकटलेले. मला वाटायचं, पोरं नखांनी ओरबाडतात. नंतर कळलं की दोष पोरांचा नव्हताच. दुकानात 'लेदरेट' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा कापडावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, पातळ थर असतो, आणि हवेतल्या ओलाव्यानं तो थर आतल्या आत विरत जातो. सोफा वापरा नाहीतर कोपऱ्यात नुसता ठेवा, तो सोलला जाणारच. जाड पीव्हीसीचं रेक्झिन तसं सोलत नाही, पण काही वर्षांनी कडक होऊन तडकतं, आणि त्यातनं हवा अजिबात खेळत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, माणसं घामेजलेली. आत गेलेला दमटपणा बाहेर पडायला वाटच नाही.

खऱ्या चामड्याचा सोफा ५० हजारांत बसत नाही, तरी कोणी जुना देत असेल तर सांगून ठेवते. कपाटात ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर आषाढात कसा पांढरा-हिरवा बुरा चढतो ते आठवा. चपला निदान पुसून उन्हात टाकता येतात.

आमच्या त्या सोफ्याचा शेवट ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी पाणी ३९ फुटाला गेलं की पुराचा इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आकडे आमच्या गल्लीत पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी हॉलमध्ये गुडघ्यापर्यंत आलं. पोथ्या, धान्य, गॅस, टीव्ही सगळं माडीवर नेलं, पण तो धूड काही जिन्यात वळला नाही. पाणी ओसरल्यावर दारासमोर गाद्या-सोफ्यांचे ढीग लागले होते, त्यात आमचाही टाकला. टाकताना यांनी खालचं काळं कापड फाडलं, आणि तीन वर्षं ज्यावर बसत होतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. बाजूंना भुशाचं पार्टिकल बोर्ड, चहात बुडालेल्या बिस्किटासारखं फुगलेलं. मधे खोक्यांच्या लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर अजून छापील अक्षरं दिसत होती. स्टेपलरच्या पिना गंजून तांबड्या झाल्या होत्या. यातलं पुरानं केलेलं थोडंच, बाकीचं नुसत्या दमटपणानं आधीच झालं होतं.

म्हणून दुकानात गेलात की आधी बसू नका. सोफा पाठीवर आडवा करायला सांगा आणि खालनं बघा. विक्रेता कां-कूं करेल, करू दे. खालचं कापड एका कोपऱ्यात चार पिना काढून उघडून दाखवा म्हणा. जो दाखवत नाही त्याच्याकडनं ५० हजारांची वस्तू कशाला घ्यायची? आत सलग लाकूड असेल तर ते कोणतं, प्लाय असेल तर त्यावर छाप काय, हे वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ एमआर म्हणजे साधं कमर्शियल प्लाय. ते हवेतली ओल सोसतं, पाणी नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारं. तळमजल्यावर राहताय तर मरीनच मागा, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवल्यात की सील केल्यात तेही बघा. पाणी प्लायमध्ये कडेनंच शिरतं. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) किंवा पार्टिकल बोर्ड दिसलं तर पुढं बोलायची गरजच नाही.

पण माझं खरं मत विचाराल तर तुम्ही रेडीमेडच्या वाटेलाच जाऊ नका. लाकडी सांगाडा आणि सुट्या गाद्या असा सोफा सुताराकडनं करून घ्या. सगळी मेख 'सुट्या' या शब्दात आहे. गादी उचलून उभी करता येते, खोळ काढून धुता येते, सांगाडा फडक्यानं कोरडा करता येतो. शोरूमच्या सोफ्यात फोम, कापड, लाकूड सगळं एकमेकांना ठोकलेलं असतं. त्यात शिरलेली ओल आपण बाहेर काढू शकत नाही.

आम्ही २०२० च्या दिवाळीला थ्री प्लस वन प्लस वन करून घेतला. जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या सागवानी तुळया मिळाल्या. पेठांमधले वाडे पाडले जातात तसं हे लाकूड टिंबर मार्केटकडं अधूनमधून येतं. पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेलं, त्यामुळं ते आता वाकायचं नाही की पिळायचं नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. सुतारमामांनी रंधा लावायच्या आधी तुळईवरनं लोहचुंबक फिरवला, आणि जिथं तो ओढला गेला तिथं खडूनं फुली मारली. एका तुळईत अकरा खिळे निघाले, त्यातले चार वर दिसतसुद्धा नव्हते. "एक जरी राहिला तर माझं पातं गेलं आन् तुमचं बिल वाढलं, वहिनी," म्हणाले.

नवं सागवान घ्यायचं तर मधलं गडद लाकूड घ्या. कडेचा पांढुरका भाग किडा आधी पोखरतो. स्वस्त लाकडाला रंग मारून सागवान म्हणून खपवायचा धंदाही चालतो, म्हणून पॉलिशच्या आधी कच्चं लाकूड डोळ्यांनी बघा. सागवान परवडत नसेल तर बाभूळ चालेल, फक्त नीट वाळलेली हवी. आंब्याच्या लाकडाच्या मोहात पडू नका. ते स्वस्त असतं पण त्याला भुंगा लवकर लागतो, आणि मग रोज सकाळी सोफ्याखाली पिठासारखी भुकटी झाडत बसायचं. वेताचा आणि बांबूचा सोफा गॅलरीत छान दिसतो, तिथंच शोभतो. लोखंडी घेतलात तर वेल्डिंगचे जोड आधी गंजतात, तिथला रंग बघा.

आमचा खर्च असा झाला: लाकूड १४,०००, सुताराची मजुरी ९,०००, फोम ६,५००, कापड १० मीटर ४५० रुपयांनी ४,५००, चेन आणि अस्तरासकट शिलाई ४,०००, पॉलिश ३,५००, टेम्पो ६००. एकूण ४२,१००. हा आकडा २०२० चा आहे, आज त्यात भर धरावी लागेल, पण तुमच्या ५० हजारांत बसवता येईल असं मला वाटतं. पैसे कमी पडले तर कापडावर वाचवा. गांधीनगरच्या कापडबाजारात गेलात तर मीटरमागं बरंच सुटतं, आणि कापड चार-पाच वर्षांनी बदलायचंच असतं. लाकूड आणि बसायचा फोम यांत हात आखडू नका. लोक नेमकं उलटं करतात. भारी मखमल घेतात आणि आत हलका फोम भरतात.

फोमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण फसवणूक इथंच होते. डेन्सिटी ४० म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. मऊ की कडक याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, त्यामुळं बोटानं दाबून काही कळत नाही. वजनानं कळतं. आमची बैठकीची गादी २२ बाय २२ इंच, जाडी ५. तिन्ही आकड्यांचा गुणाकार २,४२०. त्याला ६१,००० नं भागलं की घनमीटर मिळतात, आणि त्याला ४० नं गुणलं की वजन. म्हणजे साधारण १ किलो ६०० ग्रॅम भरायला हवं. मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा पिशवीत घालून नेला होता. एका दुकानात 'चाळीस' म्हणून दाखवलेला तुकडा लटकवला तर १ किलो १५० भरला, म्हणजे २९ सुद्धा धड नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, फोम हवेत वजन सोडतो." मी काटा पिशवीत टाकला आणि पुढच्या दुकानात गेले. तिथं बरोबर भरला. बसायला ४०, पाठीला २८ ते ३२ पुरे. सासू-सासऱ्यांसाठी 'सुपर सॉफ्ट' अजिबात नको, रुतून बसलं की गुडघ्यांवर जोर देऊन उठता येत नाही. गादीसकट बैठक जमिनीपासून १७-१८ इंच ठेवा.

गादीखाली सलग प्लाय ठोकू देऊ नका. बोटभर फट सोडून लाकडी पट्ट्या मारायला सांगा, म्हणजे गादीला खालनं वारा लागतो. सांध्यांत लाकडात लाकूड बसलेलं हवं, नुसत्या खिळ्यांवर भागवायचं नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणा, फार फरक पडत नाही. पाय सहा इंच उंच, म्हणजे झाडू-पोछा आरपार जातो, आणि पायांच्या तळाला नायलॉनचे बूट. नाहीतर फरशी पुसल्यावर पाय खालनं पाणी ओढत राहतात.

कापड सुती किंवा ज्यूटचं घेऊ नका. दिसायला देखणं, पण श्रावणात हात लावला तर गार लागतं आणि महिन्याभरात वास मारतं. विणीचं पॉलिस्टर घ्या. तोंडाला लावून फुंकर मारा, हवा पलीकडं गेली पाहिजे. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का तेही दुकानातच बघा. फार फिकं नको, बुरा आणि गंजाचे डाग लगेच दिसतात. चेन प्लास्टिकची घ्या. अस्तराला मांजरपाट लावणार असाल तर आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून गादीला कुबड येतं. माझ्या एका गादीला आलंय, ती मी भिंतीच्या बाजूला ठेवते.

वेळेचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिलमध्ये करून घ्या. आम्ही दिवाळीत केला तेही जरा घाईचंच झालं. भर पावसात लाकूड फुगलेलं असतं, उन्हाळ्यात आकसलं की सांधे कुरकुरतात. शिवाय दमट हवेत मारलेलं पॉलिश पांढुरकं पडतं.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. दहा गाद्या पंधरा मिनिटांत माडीवर गेल्या. दोन्ही सिंगल सोफे यांनी आणि शेजारच्या पोरानं नेले, थ्री सीटर खाली राहिला. नंतर गाळ धुऊन, पंख्याखाली सावलीत तीन आठवडे वाळवून पुन्हा पॉलिश केलं. एका पायाला काळा डाग राहिलाय. तुमच्या बाजूला पुराचं पाणी येत नसेल, पण एल आकाराचा सोफा दारातनं आत जातो का, पुढं घर बदललं तर जिन्यातनं निघतो का, हे टेप घेऊन मोजाच.

सोफा भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा. त्या भिंतीला ओल असेल तर सोफ्याआधी भिंतीचं काम करा, त्यासाठी बजेट कापावं लागलं तरी. पावसाळ्यात त्याच खोलीत दोरीवर कपडे वाळत घालू नका, कपड्यांतलं सगळं पाणी गाद्यांत जातं. आणि नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक त्याच दिवशी काढा. आमच्या सासूबाईंनी पाहुणे येईपर्यंत म्हणून दीड महिना काढू दिलं नव्हतं. काढलं तेव्हा आतनं घामाच्या थेंबांसारखं पाणी साचलं होतं.

सेकंड हँडबद्दल विचारलंय. लाकडी सांगाडा बिनधास्त घ्या, फक्त उलटा करून भुकटी आणि वाळवीची माती बघा. गादी आत ठोकलेला घेऊ नका. घ्यायचाच झाला तर पावसाळ्यात बघायला जा, आणि आधी नाक लावा.