तुती, फालसा, करवंदं : चैत्रातल्या घरबागेबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या तोंडावर बागेतल्या लहान फळांबद्दल पत्रं आली आहेत. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांना जानेवारीत छान फळं आली. आता मार्चअखेरीस पानांच्या कडा करपतात, फळ बोराएवढंच राहतं आणि नुसते लांब रनर (जमिनीवर पसरणारे लांब कोंब) सुटतात. कोणतं खत द्यावं? (पुणे)

खत देऊ नका. रात्री गार असतात तेव्हाच स्ट्रॉबेरी कळ्या धरते. पारा ३५ अंशांच्या वर गेला की तिची ताकद फळाऐवजी रनरमध्ये जाते, आणि हे कोणत्याही खताने उलटत नाही. कडा करपण्यामागे उन्हाबरोबर क्षारही असतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बोअरचं पाणी आणि दर आठवड्याचं द्रवखत यांमुळे ते कुंडीत साठतात. कुंडी ज्या बादलीएवढी असेल तशा दोन बादल्या साधं पाणी एकदाच हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. त्यानंतर रोपं सकाळी दहापर्यंतच ऊन येईल अशा जागी, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा आणि मातीवर दोन इंच वाळलेलं गवत पसरा. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दुपारी इतक्या तापतात की मुळंच शिजतात, म्हणून पिशव्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा.

सगळे रनर ठेवू नका. दोन-तीन निरोगी रोपं निवडून त्यांचेच रनर वाढवा. रनरला पानांचा झुबका आला की तो शेजारच्या छोट्या पिशवीतल्या मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने अडकवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरली की आईपासून कापा. पावसाळ्यात ही रोपं आडोशाला हवीत, नाहीतर गाभा कुजतो. ऑक्टोबरात लावताना गाभ्याचा कोंब मातीच्या पातळीलाच ठेवा. खोल गेला तर सडतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. मात्र मैदानी शहरात उन्हाळा काढून रोपं जगवण्यापेक्षा ऑक्टोबरात नवी रोपं आणणं सोपं पडतं. चैत्र-वैशाखात फळ हवं असेल तर ज्यांना हे ऊन मानवतं अशी झाडं लावावीत, आणि त्यांत पहिली तुती.

प्रश्न : कुंडीतली तुती तीन वर्षांची आहे. पानं हिरवीगार, पण फळ नाही. (ठाणे)

हिरवीगार पानं हीच खूण आहे : झाड नुसती पानं सांभाळतंय. तुतीचं फळ जुन्या फांदीवरच्या डोळ्यातून फुटणाऱ्या नव्या कोंबावर, पानाच्या बगलेत येतं. म्हणजे नवी फूट नाही तर फळ नाही. गेल्या वर्षी वाढलेल्या प्रत्येक फांदीचा शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग धारदार कात्रीने डोळ्याच्या जरा वर, तिरका कापा. उरलेल्या फांदीवरची सगळी पानं कात्रीने देठाशी कापा. ओरबाडू नका, कारण देठाच्या बगलेतला डोळाच आपल्याला हवा आहे. त्याआधी चार-पाच दिवस पाणी निम्मं करा आणि छाटणीनंतर दोन ओंजळी गांडूळखत देऊन कुंडी भिजवा. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात आणि नव्या पानांबरोबरच बारीक हिरवी कणसं, म्हणजे कोवळी फळं, दिसू लागतात. पुढे महिन्या-दीड महिन्यात फळ पिकतं. झाड सशक्त असेल तर वर्षातून दोनदा-तीनदा ही छाटणी करता येते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. काही जण झाड बुडाशी छाटतात. मग जोमदार फोक (सरळ लांब फांद्या) येतात, पण त्यांवर बहुधा फळ नसतं. दुसरं ऊन. सहा तास थेट ऊन नसेल तर कणसं लागूनही गळतात. तिसरं पाणी. फळ हिरवं असताना कुंडी एका दुपारी कोरडी पडली तरी सगळा घड खाली येतो. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी द्या आणि कुंडी किमान १५-१८ इंचांची ठेवा. युरिया किंवा नत्राचं दुसरं खत देत असाल तर थांबवा.

हे सगळं करूनही नुसते लोंबते तुरे येऊन वाळून गळत असतील तर झाड नर आहे आणि त्याला फळ येणारच नाही. अशा वेळी फळणाऱ्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी आणा आणि पावसाच्या सुरुवातीला दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. तुतीची काडी सहज जगते.

पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांची वाट बंद करा, कारण त्याच त्याला फांदीफांदीवर पसरवतात. पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. फळ रंगायला लागल्यावर मात्र फवारणी नको. फळ काळंभोर होऊन बोट लागताच निघतं तेव्हा गोड. लाल असतं तेव्हा आंबट, पण सरबताला तेच चांगलं. बुलबुलांना फळं आपल्याआधी कळतात, म्हणून रंग चढू लागताच जाळी टाका आणि शेंड्याचे दोन-चार घड त्यांच्यासाठी उघडे ठेवा.

प्रश्न : फालशाचं सरबत मिक्सरमधून काढलं तर तुरट-कडवट होतं. (जळगाव)

पात्याने बिया फुटतात, म्हणून. पाव किलो फालसे धुऊन चार मोठे चमचे साखर आणि एक वाटी पाणी घालून वीस मिनिटं ठेवा, मग हाताने कुस्करा आणि स्टीलच्या गाळणीतून दाबून गाळा. चिमूटभर काळं मीठ, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तीन पेले गार पाणी घाला. चार पेले होतात. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका. फालसा तोडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतो, त्यामुळे घरी झुडूप असणं फायद्याचं. डिसेंबर-जानेवारीत पानं गळाली की कंबरेएवढ्या उंचीवर छाटा. फळ नव्या फुटीवरच येतं.

प्रश्न : स्ट्रॉबेरीचा जॅम पातळ राहतो. जास्त आटवला तर काळपट होतो. (कोल्हापूर)

स्ट्रॉबेरीत पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) कमी असतं, आणि जॅम घट्ट होतो तो पेक्टिन, आंबटपणा आणि साखर यांच्या मेळाने. नुसतं आटवून पाणी उडतं, रंग आणि वास जातो. एक किलो साफ केलेल्या फळांना पाऊण किलो साखर लावून चार-पाच तास ठेवा. कच्च्या करवंदांत पेक्टिन भरपूर असतं आणि ती याच दिवसांत मिळतात. शंभर ग्रॅम कच्ची करवंदं चिरून वाटीभर पाण्यात मऊ शिजवा, गाळून ते पाणी फळांत मिसळा. करवंदांचा चीक हाताला चिकटतो म्हणून आधी हाताला तेल लावा आणि करवंदं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. करवंदं नसतील तर एका हिरव्या सफरचंदाचा कीस आणि दोन लिंबांचा रस घाला.

पसरट भांड्यात, मोठ्या आचेवर, एका वेळी किलोभरच शिजवा. जास्त घेतलं की वेळ वाढतो आणि काळपटपणा तिथूनच येतो. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की लगेच गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सियस. बाटल्या दहा मिनिटं उकळून कोरड्या करा आणि जॅम गरम असतानाच भरा.

फळ घेताना देठाकडे पांढरं असलेलं घेऊ नका. तोडलेली स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही, फक्त मऊ पडते.

प्रश्न : करवंदाच्या बिया दोनदा लावल्या, उगवल्या नाहीत. (सोलापूर)

बिया जुन्या झाल्या असणार. करवंदाचं बी फार काळ जिवंत राहत नाही. मे महिन्यात पूर्ण पिकलेल्या काळ्या करवंदांतलं बी धुऊन, दिवसभर सावलीत सुकवून लगेच अर्धा इंच खोल पेरा. रोपं वर्षाची झाली की पुढच्या पावसाळ्यात कुंपणाला दोन-तीन फुटांवर लावा. एकदा रुजल्यावर सोलापूरचं ऊन त्यांना बाधत नाही, पण ये-जा असलेल्या वाटेपासून दूर लावा, काटे लांब आणि कडक असतात.

प्रश्न : रसभरीची फळं हिरवी असतानाच मुलं खातात. चालेल का? (नाशिक)

नाही. रसभरी टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली आहे आणि तिचं कच्चं फळ पोटाला बाधू शकतं. वरचं कवच वाळून कागदासारखं झालं आणि आतलं फळ पिवळं-केशरी दिसलं की मगच द्या. पिकलेलं फळ बहुधा आपोआप खाली पडतं, तेव्हा झाडाखाली जुनी चादर अंथरा आणि मुलांना तिथूनच वेचू द्या.